हिरड्यांच्या रोगाची शोधकथा



कुणाचा दात पडला की "वय झालं, दात जायचेच" असे म्हणून आपण मोकळे होतो. केस पिकतात, नजर मंदावते, तसे दातही जातात, असा आपला हिशेब. पण जरा विचार करा. ज्या दाताला कीड लागलेली नाही, जो कुठे मोडलेला नाही, असा चांगला धडधाकट दात एक दिवस हलू लागतो आणि भाकरीच्या घासाबरोबर हातात येतो. दाताचा तर काही दोष दिसत नाही. मग तो का गेला? घर पुष्कळदा भिंत भक्कम असूनही पाया खचल्यामुळे बसते, तसेच हे आहे. दाताचा पाया म्हणजे हिरडी, आणि हिरडीच्या आतले हाड. हा पाया का खचतो, हे कळायला माणसाला फार वर्षे लागली. त्या शोधाची हकीकत आज सांगायची आहे. हकीकत जुनी असली तरी तिचा संबंध आपल्या रोजच्या सकाळशी आहे.

हा रोग काही नव्या जमान्याचा नव्हे. आपल्याकडच्या सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मुखरोगांचा एक अध्याय आहे. त्यात तोंडाचे पासष्ट रोग मोजले आहेत, आणि त्यांपैकी पंधरा एकट्या दंतमुळाचे, म्हणजे हिरडीचे आहेत. त्यांतल्या 'उपकुश' नावाच्या रोगाचे वर्णन वाचले तर आजचा दंतवैद्यही मान डोलावील. हिरडीची आग होते, ती पिकते, जरा धक्का लागला की रक्त येते, दात हलू लागतात, तोंडाला दुर्गंधी येते. 'दंतवेष्ट' या रोगात पू आणि रक्त वाहते नि दात खिळखिळे होतात. पुढे गावोगाव ज्याला 'पायोरिया' म्हणू लागले, तोच हा रोग.

आणखी एक गोष्ट सुश्रुताने लिहून ठेवली आहे. दातांवर मळ साचून तो खड्यासारखा कठीण होतो. त्याला त्याने 'दंतशर्करा' म्हटले. आपण त्याला किटण म्हणतो. ही शर्करा वैद्याने दंतमुळाला इजा न करता काढून टाकावी, असा उपायही सांगितला आहे. आता गंमत पाहा. दंतशर्करा गेली दातांच्या रोगांच्या यादीत आणि उपकुश गेला हिरडीच्या रोगांच्या यादीत. उपकुशाचे कारण सांगितले ते पित्त आणि रक्त यांचा कोप. रोग ओळखला, किटणही ओळखले, पण एकामुळे दुसरे होते ही गाठ काही घातली गेली नाही. जगातल्या इतर जुन्या वैद्यकांची गतही अशीच होती. बाबिलोनच्या मातीच्या विटांवर तर दाताच्या दुखण्याचे खापर एका किड्यावर फोडलेले सापडते. ही किड्याची समजूत पुढे हजारो वर्षे टिकली.

आता आपण एकदम सतराव्या शतकात, हॉलंडमधल्या डेल्फ्ट या गावी जाऊ. तिथे अँटनी व्हान लेव्हेनहूक नावाचा एक कापडाचा व्यापारी होता. १६३२ सालचा त्याचा जन्म. ना तो वैद्य, ना पंडित. त्याला छंद होता भिंगे घासण्याचा. त्याने स्वतःच्या हाताने घासलेली भिंगे इतकी सरस होती की त्या काळी दुसऱ्या कुणाला न दिसणाऱ्या वस्तू त्याला दिसत. जे दिसेल ते तो लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवी.

१७ सप्टेंबर १६८३ च्या पत्रात त्याने आपल्या दातांची हकीकत लिहिली. तो रोज सकाळी मिठाने दात चोळी, काडीने फटी कोरी, फडक्याने दात पुसून काढी. त्याच्या वयाच्या माणसांत इतके स्वच्छ दात क्वचितच असत. तरीसुद्धा काही दातांच्या फटींत भिजवलेल्या पिठासारखा पांढरा मळ उरलेला त्याला दिसला. तो त्याने पावसाच्या स्वच्छ पाण्यात कालवून भिंगाखाली धरला. बघतो तर काय, त्यात असंख्य बारीक जीव वळवळत होते. कुणी माशासारखे सुळकन् जाणारे, कुणी भोवऱ्यासारखे गरगरणारे. नंतर ज्याने जन्मात दात घासले नव्हते अशा एका म्हाताऱ्याच्या तोंडातला मळ त्याने तपासला. तिथे तर जीवांची जत्राच भरली होती. आपल्या साऱ्या देशात जितकी माणसे नाहीत तितके जीव आपल्या एका तोंडात आहेत, अशा अर्थाचे त्याने लिहिले. माणसाने जंतू पहिल्यांदा पाहिले त्यांत हे दातांवरचे जंतू होते, हे शिक्षक बंधूंनी वर्गात आवर्जून सांगावे.

त्याच पत्रात एक बारीकशी गोष्ट आहे. लेव्हेनहूकने जालीम सिरक्याने चूळ भरून पाहिली. मळ बाहेर काढून त्यात सिरका घातला की जीव मरत. पण नुसत्या चुळीने तोंडातले सगळे मरत नव्हते. सिरका मळाच्या वरच्या थरातल्यांना मारतो, आत शिरत नाही, असे त्याने ओळखले. पुढे जवळजवळ तीनशे वर्षांनी शास्त्रज्ञांनी हेच नीट सिद्ध केले. दातावरचे जंतू सुटे सुटे राहत नाहीत. ते चिकट थर बांधून त्यात वस्ती करतात आणि तो थर त्यांची ढाल होतो. म्हणून कसल्याही औषधी पाण्याच्या नुसत्या चुळांनी काम भागत नाही. थर घासूनच काढावा लागतो.

पण लेव्हेनहूकने जीव पाहिले, तरी हिरडीच्या रोगाशी त्यांचा संबंध लागला नाही. पाहणे वेगळे आणि उमगणे वेगळे.

पुढे १७२८ साली पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने दातांच्या शस्त्रक्रियेवर दोन भागांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. तोवर दात काढणे हा जत्रेतल्या भोंदूंचा धंदा होता. फोशारने त्याला विद्येचे रूप दिले. दातातला किडा आपल्याला कुठेच आढळला नाही, असे त्याने स्पष्ट लिहिले, आणि किटण खरवडण्याची हत्यारे चित्रांसह दाखवली. पुढच्या शतकात अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावी जॉन रिग्ज या दंतवैद्याने त्याच्यापुढचे पाऊल टाकले. इथरचा जाहीर प्रयोग होण्याच्याही आधी, १८४४ च्या डिसेंबरात, हसवणारा वायू हुंगवून होरेस वेल्स या आपल्या व्यवसायबंधूचा दात ज्याने दुखू न देता काढला, तोच हा रिग्ज. हिरडीचा रोग ही म्हातारपणाची देणगी नाही, दातांवर आणि हिरडीखाली साचणारी घाण हे त्याचे मूळ आहे, असे तो ठासून सांगे, आणि हिरडीखाली हत्यार घालून दाताचे मूळ खरवडून साफ करी. त्याचे रोगी बरे होत. लोक या रोगाला काही काळ 'रिग्जचा रोग' म्हणू लागले.

मग एवढ्यावर प्रश्न मिटायला हवा होता. पण मिटला नाही.

त्याचे कारण असे. १८७६ ते १८८२ या काळात रॉबर्ट कॉखने फाशी रोगाचा जंतू आणि क्षयाचा जंतू दाखवून दिला. एका रोगाला एक जंतू, असा विचार जगभर रुजला. विलोबी मिलर हा अमेरिकन दंतवैद्य कॉखच्या बर्लिनमध्ये काम करीत होता. १८९० साली त्याने तोंडातल्या सूक्ष्म जीवांवर मोठा ग्रंथ लिहिला. दाताची कीड कशी लागते हे त्याने छान उलगडले. जंतू तोंडातल्या पिठूळ-गोड पदार्थांपासून आम्ल करतात आणि आम्ल दात विरघळवते. पण हिरडीच्या रोगाचा एकच एक गुन्हेगार काही सापडेना. तोंडात इतक्या जातींचे जंतू, त्यांतला चोर कोणता? १९१४-१५ च्या सुमारास अमेरिकेत काहींनी अमीबा नावाच्या जीवावर बोट ठेवले आणि आवेवरचे एमेटिन हे औषध पायोरियावर देण्याची लाट आली. थोड्या वर्षांत ती ओसरली.

दुसरीकडे एक निराळेच संकट उभे राहिले. १९१० साली विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरने कॅनडात माँट्रियल येथे भाषण केले. तोंडातली सडकी घाण साऱ्या शरीराला विष पुरवते, असा त्याचा दावा. त्यात तथ्याचा अंश होता. पण डॉक्टरांनी त्यावरून टोक गाठले. सांधे दुखतात? काढा दात. ताप हटत नाही? काढा दात. पुढची वीस-पंचवीस वर्षे अक्षरशः लाखो दात, त्यांतले कितीतरी वाचवण्याजोगे, काढून फेकले गेले. अर्धवट ज्ञान अज्ञानापेक्षा महाग पडते, ते असे.

विसावे शतक अर्धे सरले तरी मते अनेक होती. कुणी म्हणे जीवनसत्त्व कमी पडते, कुणी म्हणे दात नीट मिळत नाहीत, कुणी म्हणे वयच कारण. क जीवनसत्त्व फारच कमी पडले तर स्कर्व्ही होऊन हिरड्या सुजतात हे खरे, पण ते निराळे दुखणे. निकाल लावायला कुणीतरी साधा, स्वच्छ प्रयोग करणे जरूर होते.

तो प्रयोग डेन्मार्कमधल्या ऑऱ्हुस गावी झाला. हाराल्ड ल्यो हे मूळचे नॉर्वेचे. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली तो प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांची बारा माणसे घेतली, बहुतेक दंतविद्येचे विद्यार्थी. त्यांना सांगितले, दात घासणे बंद करा. बस्स, एवढेच. औषध नाही, सुई नाही, जेवणात बदल नाही. रोज दातांवरचा थर आणि हिरडी तपासायची.

काय झाले ऐका. पहिले काही दिवस थरात वाटोळे, निरुपद्रवी जंतू वाढले. मग धाग्यासारखे लांबट जंतू त्यांत मिसळले. त्यानंतर वळणावळणाचे, जोरात हालणारे जंतू आले. हिरडीच्या कडेला लाली चढली, ती सुजली, टोकरले की रक्त येऊ लागले. दहा ते एकवीस दिवसांत बाराच्या बारा जणांना हिरडीची सूज आली. मग त्यांना पुन्हा दात घासायला लावले. थोड्याच दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या पूर्ववत् झाल्या. सुश्रुताच्या दोन याद्यांमधली गाठ अशी एका सोप्या प्रयोगाने बांधली गेली. रोगाचे कारण वय नाही, पित्त नाही, एकटा कुठला जंतूही नाही. न घासलेल्या दातावर वस्ती करणारा जंतूंचा सगळा गाव हे कारण.

आता हा रोग तोंडात पसरतो कसा, ते पाहू. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक बारीक खाच असते, निरोगी तोंडात एक ते तीन मिलिमीटर खोल. घासलेल्या दातावर काही तासांतच जंतूंचा थर पुन्हा बसू लागतो. तो तसाच राहिला तर लाळेतल्या चुन्याने त्याचे किटण होते. किटण खरबरीत, त्यावर नवा थर आणखी लवकर बसतो. हिरडी सुजते. सुजल्याने खाच खोल होते. खोल खाचेत हवा कमी, ब्रश पोचत नाही, आणि हवा नको असणाऱ्या जंतूंना तिथे आयता आसरा मिळतो. शरीर आपले सैन्य तिकडे पाठवते. लढाई जंतूंशी असते, पण त्या धुमश्चक्रीत दाताला धरून ठेवणारे धागे आणि भोवतालचे हाड यांचाच नाश होतो. विहिरीत शिरलेला चोर हुसकताना आपल्याच हाताने विहिरीचे कठडे ढासळावेत, तसे. चार मिलिमीटर आणि त्याहून खोल झालेल्या या खाचेला दंतवैद्य 'कप्पा' समजतात. एका दाताच्या कडेने सुरू झालेला रोग फटीफटीतून शेजारच्या दाताकडे सरकतो. सूज नुसती हिरडीत असेतो ती पूर्ण बरी होते. एकदा हाड झिजले की ते आपोआप भरून येत नाही. मग रोग फक्त थोपवता येतो.

आणि या सगळ्यात दुखत मात्र नाही. हीच मोठी फसगत. कीड लागली तर माणूस रात्रभर तळमळतो आणि सकाळी डॉक्टर गाठतो. हिरडी मुकाट्याने खचत राहते.

सगळ्यांनाच हा रोग सारखा होतो का? या प्रश्नाचे उत्तर आपल्या शेजारच्या श्रीलंकेतून आले. ल्यो यांनी १९७० साली तिथल्या चहामळ्यांतल्या ४८० तमिळ मजुरांचे दात तपासले. ही १४ ते ३१ वर्षांची पुरुषमंडळी. दात घासण्याची नेहमीची साधने त्यांना मिळालेली नव्हती, आणि दातांवर किटण भरपूर. दाताची कीड मात्र जवळजवळ नाही. १९८५ पर्यंत त्यांची पुन्हा पुन्हा तपासणी होत राहिली. १९८६ साली निष्कर्ष आले. शंभरांत आठ जणांचा रोग झपाट्याने वाढला. पंचेचाळिशीला त्यांचे सगळे दात गेलेले. एक्याऐंशी जणांचा मध्यम गतीने. त्यांचे पंचेचाळिशीपर्यंत सरासरी सात दात गेले. उरलेल्या अकरा जणांच्या हिरड्या सुजल्या, पण रोग खाली उतरलाच नाही. घाण सगळ्यांच्या तोंडात सारखीच, तरी फळ निराळे. म्हणजे थर हे बी असले तरी जमिनीचा कसही मोजावा लागतो. कुणाची प्रकृती जन्मतःच या रोगाला बळी पडणारी असते. मधुमेह ताब्यात नसेल तर रोग बळावतो, आणि उलट हिरडीच्या रोगाने रक्तातली साखर आटोक्यात ठेवणे अवघड जाते. गरोदरपणात हिरडी लवकर सुजते. आणि तंबाखू तर या रोगाची सख्खी मैत्रीण.

आपल्या महाराष्ट्राचीही या इतिहासात एक नोंद आहे. मिशिगन विद्यापीठाचे सिगुर्ड रामफ्यूर यांनी मुंबईच्या ११ ते १७ वर्षांच्या मुलांच्या हिरड्या तपासल्या, आणि ती पाहणी १९६१ साली प्रसिद्ध झाली. हिरडीची सूज या मुलांत सर्रास आढळली. विचार करा, शाळकरी मुले! म्हातारपणाचा म्हणून सोडून दिलेला रोग शाळेच्या बाकावरच सुरू होत होता.

आता आपल्या घरच्या काही समजुती या इतिहासाच्या उजेडात पाहू.

पहिली : दात घासताना रक्त आले की घासणे थांबवावे. हे अगदी उलट आहे. रक्त येते ते सूज आहे म्हणून, आणि सूज आहे ती थर राहिला म्हणून. त्या जागी मऊ ब्रश हलक्या हाताने, पण रोज फिरवलाच पाहिजे. आठवड्या-दोन आठवड्यांत रक्त थांबले नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. कारण क्वचित रक्ताच्या मोठ्या दुखण्याचीही ती खूण असते.

दुसरी : डॉक्टरांकडून किटण काढले की दात हलतात. खरी गोष्ट अशी की हाड आधीच झिजलेले असते आणि किटणाच्या लिंपणाने दात एकमेकांना टेकून उभे असतात. लिंपण काढल्यावर खरी स्थिती उघडी पडते. किटण तसेच ठेवले तर उरलेले हाडही जाईल. फोशार आणि रिग्ज यांनी हेच हत्यार हाती घेतले होते, आणि आजही उपचाराची सुरुवात तिथूनच होते.

तिसरी, आणि सर्वांत घातक : मशेरीने हिरड्या घट्ट होतात. आपल्या आयाबहिणी तव्यावर तंबाखू भाजून, कुटून ती हिरड्यांना चोळतात. काही वेळ ठणका कमी वाटतो, म्हणून ती औषध वाटते. हळूहळू ती सवय होते आणि सुटत नाही. मशेरी जिथे ठेवाल तिथली हिरडी मागे सरते, आणि तोंडाच्या कर्करोगाचे भय वाढते. दंतमंजनात नि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला भारत सरकारने १९९२ सालीच मनाई केली, पण घरच्या तव्याला कायदा कसा पोचणार? तिथे समजूतच पोचली पाहिजे. बिडी ओढणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. धुराने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात, त्यामुळे रक्त कमी दिसते. रोग आतून वाढतो आणि बाहेरून हिरडी ठीक भासते.

राखुंडीचे काय, काडीचे काय, असे कुणी विचारील. कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी नीट चावून, कुंचला करून, प्रत्येक दाताच्या आतून-बाहेरून फिरवली तर थर निघतो. साधन कोणते यापेक्षा थर निघाला की नाही, हे महत्त्वाचे. पण जाड राखुंडी, विटेची पूड, वाळू यांनी दात झिजतात, ते टाळावे. ब्रश दिवसातून दोनदा, त्यातही रात्री झोपण्यापूर्वी एकदा, हिरडीच्या कडेवरून फिरवावा. फटीही साफ कराव्यात. सकाळी गडबडीत बोट फिरवून चूळ टाकली की झाले, असे नाही. लेव्हेनहूकच्या सिरक्याची गोष्ट आठवा.

आपल्या देशात दंतविद्येचे पहिले महाविद्यालय १९२० साली डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यात काढले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ चे. १९४८ साली दंतवैद्यांचा कायदा झाला. डॉक्टर वाढले, जागोजाग महाविद्यालये निघाली. पण हिरडीचा रोग डॉक्टरांच्या खुर्चीपेक्षा घरच्या मोरीवर जास्त रोखला जातो.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. ल्यो यांचा प्रयोग मुलांवर करू नका, पण त्याचा उलटा प्रयोग जरूर करा. वर्गातल्या मुलांनी आरशात आपापल्या हिरड्या पाहाव्यात. निरोगी हिरडी फिकट गुलाबी वा सावळी, दाताला घट्ट बिलगलेली असते. लाल, फुगलेली, रक्त येणारी हिरडी आजारी असते. मग तीन आठवडे रोज दोन वेळा नीट घासून पुन्हा पाहायला सांगा. फरक मुलांना स्वतःला दिसेल, आणि स्वतः पाहिलेले मूल घरी जाऊन आजीलाही सांगेल. आजीचे गेलेले दात काही परत येणार नाहीत. पण उरलेले राहतील, आणि नातवाचे तर सगळेच राहतील.